वाचकांचे प्रश्न : आतड्यातले जिवाणू प्रतिकारक पेशींना कसे आवरतात?

या वेळच्या पत्रांत एक मागणी सारखी आली आहे : 'इम्युनिटी वाढवायला काय खावं?' आम्हाला हा प्रश्नच थोडा बदलावासा वाटतो. आतड्याच्या भिंतीत बसलेल्या प्रतिकारक पेशींचं निम्मं काम हल्ला न करण्याचं असतं. तो संयम त्यांना बऱ्याच अंशी जिवाणूच शिकवतात. तेच तंत्र रोगजंतूंच्या हाती गेलं की मात्र घात होतो. खालची उत्तरं हे डोक्यात ठेवून वाचावीत.

प्रश्न : आतड्यात कोट्यवधी जिवाणू असताना आपल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून का पडत नाहीत? हे जिवाणूच त्या पेशींना दाबून ठेवतात असं वाचलं. हे खरं असेल तर ते आपल्या भल्याचं आहे का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : खरं आहे, आणि निरोगी माणसात ते भल्याचंच आहे.

आधी आकडे सरळ करून घेऊ, कारण शाळेच्या पुस्तकांतही जुने आकडे फिरत असतात. 'शरीरातल्या पेशींच्या दहापट जिवाणू, वजन दोन किलो' हे विधान इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये नव्याने हिशेब करून खोडून काढलं. ७० किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी असतात. म्हणजे जवळपास बरोबरी. जिवाणूंचं एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम, आणि ते जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात.

या गर्दीत आणि आपल्यात पेशींचा फक्त एक थर असतो. तोही चार-पाच दिवसांत झडून नवा येतो. त्यावर बुळबुळीत श्लेष्माचे दोन पदर असतात. बाहेरच्या पदरात जिवाणू राहतात, आतला पदर जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. शिवाय आपलं शरीर रोज काही ग्रॅम 'आयजीए' प्रतिपिंडं आतड्यात सोडतं. ही प्रतिपिंडं जिवाणूंना चिकटून त्यांना भिंतीपासून लांब ठेवतात.

तरीही काही जिवाणू निसटून आत येतात. तिथे भिंतीखाली मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात. रक्तातून आलेल्या अशाच पेशीला जिवाणूच्या कवचाचा तुकडा दिसला, तर ती लगेच दाहाचे संदेशरेणू ओतू लागते आणि आणखी पेशींना बोलावते. आतड्यातली मॅक्रोफेज जिवाणूला गिळते, मारते, पण बोंब मारत नाही. या गप्प बसण्यामागे एक साधा रेणू मोठं काम करतो : ब्युटिरेट.

आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचला की जिवाणू तो आंबवतात. त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही तीन लहान मेदाम्लं साधारण ६०:२०:२० या प्रमाणात तयार होतात. यातलं बहुतेक ब्युटिरेट मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच जाळून टाकतात. त्यांची सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून येते. उरलेलं खाली झिरपतं आणि प्रतिकारक पेशींच्या केंद्रकात शिरतं.

तिथे काय होतं ते समजायला दोऱ्याचं रीळ डोळ्यांसमोर आणा. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळाला 'अॅसिटिल' खुणा लागल्या की धागा सैल होतो आणि तिथलं जनुक वाचता येतं. एचडॅक नावाची विकरं (एन्झाइम) या खुणा काढून धागा पुन्हा घट्ट आवळतात. ब्युटिरेट नेमकं या विकरांना अडवतं. त्याचे परिणाम पेशीपरत्वे वेगळे होतात. मॅक्रोफेजमध्ये दाहाचे काही संदेशरेणू कमी बनतात. कोवळ्या टी पेशीत (टी पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) मात्र 'फॉक्स-पी-३' हे जनुक उघडं राहतं आणि ती पेशी नियामक टी पेशी होते. ही पेशी बाकीच्यांना आवरते : आयएल-१० सारखे शांतवणारे रेणू सोडते आणि आजूबाजूच्या पेशींची वाढीची रसद स्वतःच शोषून घेते. जपान आणि अमेरिकेतल्या तीन स्वतंत्र गटांनी २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हा दुवा दाखवला. त्याच्या आगेमागे केन्या होंडा यांच्या जपानी गटाने दाखवलं की क्लॉस्ट्रिडिया कुळातले ठरावीक जिवाणू उंदरांना दिले की त्यांच्या मोठ्या आतड्यात नियामक पेशी वाढतात. नंतर माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या १७ प्रकारांच्या मिश्रणानेही तेच साधलं.

दुसरी वाट जिवाणूच्या अंगावरच्या साखरेची. बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या जिवाणूच्या कवचावर 'पॉलिसॅकराइड ए' नावाची साखळी असते. नियामक पेशीवरच्या टीएलआर-२ या ग्राहीला (बाहेरचा इशारा ओळखणाऱ्या प्रथिनाला) ती चिकटली की त्या पेशीतून आयएल-१० चा पुरवठा वाढतो. एरवी या ग्राहीचं काम जिवाणू दिसल्यावर धोक्याची घंटा वाजवण्याचं. इथे तीच घंटा शांत राहण्याची सूचना देते. पण जागा बदलली की सगळं उलटतं. अपेंडिक्स फुटून हाच जिवाणू पोटाच्या पोकळीत सांडला, तर तिथे गळू होण्यात याच साखळीचा मोठा हात असतो. म्हणूनच 'चांगला जिवाणू, वाईट जिवाणू' अशी कायमची वाटणी आम्ही करत नाही.

हा लगाम नसेल तर काय होतं, याचा पुरावा दुर्दैवाने माणसांतच आहे. फॉक्स-पी-३ जनुक बिघडलेल्या मुलग्यांना आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच न थांबणारे जुलाब, टाइप-१ मधुमेह आणि इसब होतं. आयएल-१० चा मार्ग तुटलेल्या तान्ह्या बाळांना आतड्याचा तीव्र दाह होतो. आयएल-१० नसलेले उंदीरही कोलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहाने, आजारी पडतात, पण त्यांना पूर्ण जिवाणूमुक्त पिंजऱ्यात वाढवलं तर आजारी पडत नाहीत. म्हणजे बिघाड पेशींत आहे, पण भडका उडायला जिवाणू लागतात. नियामक टी पेशी आणि फॉक्स-पी-३ च्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, ते याचसाठी.

एक खुलासा. सगळेच जिवाणू शांतवणारे नसतात. उंदरांच्या लहान आतड्यात भिंतीला चिकटून राहणारा एक धाग्यासारखा जिवाणू 'टीएच-१७' या लढाऊ पेशी वाढवतो आणि त्यामुळे आतड्याच्या संसर्गापासून बचाव होतो. समतोल या दोघांच्या ओढाताणीतून तयार होतो.

प्रश्न : माझ्या जठरात एच. पायलोरी निघाला. डॉक्टर म्हणाले, 'बहुधा लहानपणापासून असेल.' इतकी वर्षं शरीराने त्याला हाकललं कसं नाही? औषधं संपली आहेत, पुन्हा तपासणी कधी करू? (ठाणे)

उत्तर : हाकलण्याचा प्रयत्न शरीर करतच असतं. बायोप्सीत दाह दिसतो तो त्याचाच. पण हा जिवाणू पेशींचे हात बांधतो. त्याचं 'वॅक-ए' हे विष टी पेशीत शिरून कॅल्सिन्युरिन नावाचा दुवा तोडतं. त्यामुळे पेशीला वाढण्याचा हुकूम, म्हणजे आयएल-२, तयार करता येत नाही. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधं बरोबर याच ठिकाणी घाव घालतात. माणसाने औषध म्हणून जे शोधलं ते हा जिवाणू आधीपासून वापरत होता. शिवाय त्याचं आर्जिनेज विकर आजूबाजूचं आर्जिनिन खाऊन टाकतं, आणि आर्जिनिन नसेल तर टी पेशीला आपला ग्राही नीट बांधता येत नाही. त्याच्या शेपटीचं प्रथिनही असं बदललेलं आहे की एरवी अशा शेपट्या ओळखणाऱ्या टीएलआर-५ या ग्राहीला ते दिसतच नाही.

आता तुमची तपासणी. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून नीट सांगतो.

औषधांचा शेवटचा डोस घेतल्यापासून किमान ४ आठवडे थांबा. या काळात दुसऱ्या कुठल्याही कारणाने अँटिबायोटिक किंवा बिस्मथ घेतलं, तर ४ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या जातीच्या गोळ्या तपासणीच्या आधी २ आठवडे बंद हव्यात. त्या जिवाणूला मारत नाहीत, नुसतं दडवतात आणि अहवाल खोटा 'निगेटिव्ह' येतो. (रक्तस्राव झालेला व्रण असेल तर या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.) तपासणी युरिया श्वास चाचणी किंवा विष्ठेतली अँटिजेन चाचणी यांपैकी एक असावी. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी इथे निरुपयोगी आहे, कारण जिवाणू गेल्यावरही प्रतिपिंडं कित्येक महिने राहतात. पैसे वाचवायला लोक हीच चाचणी करतात आणि मग विनाकारण दुसरा कोर्स घेतात.

चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तर तीच औषधं पुन्हा घेण्यात अर्थ नाही. औषधांचा गट बदलावा लागतो आणि कोर्स पूर्ण १४ दिवसांचा हवा. त्यात बिस्मथ असेल तर शौच काळी होईल, घाबरू नका.

प्रश्न : असे हात बांधणारे आणखी कोणते जंतू आहेत? (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : पुष्कळ. दोनच सांगतो, कारण त्यांच्या पद्धती अगदी वेगळ्या आहेत.

येर्सिनिया गटातले जंतू भक्षक पेशीला चिकटतात आणि सुईसारख्या नळीतून तिच्यात थेट प्रथिनं टोचतात. त्यातलं 'योप-एच' पेशीच्या आतल्या संदेशांवरचे फॉस्फेट काढून टाकतं, त्यामुळे गिळण्याची क्रिया सुरूच होत नाही. 'योप-जे' दाहाचा मुख्य संदेशमार्ग बंद करतं. जुलाब करणाऱ्या ई. कोलायच्या काही जातींकडे 'लिम्फोस्टॅटिन' नावाचं अवाढव्य प्रथिन असतं, ते लसिकापेशींना आयएल-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा बनवू देत नाही.

परीक्षेसाठी फरक असा लक्षात ठेवा : ब्युटिरेटमुळे पेशींमध्ये आवर घालणारा एक नवा गट घडतो आणि बाकीच्या पेशी शाबूत राहतात. रोगजंतूची प्रथिनं समोर आलेल्या पेशीलाच निकामी करतात.

प्रश्न : साजूक तुपात ब्युटिरिक आम्ल असतं म्हणे. मग रोज दोन चमचे तूप खाल्लं तर आतड्याचा दाह कमी होईल का? (कोल्हापूर)

उत्तर : तूप चवीसाठी जरूर खा, या कामासाठी नको. हिशेब करून बघू.

दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल वजनाच्या ३ ते ४ टक्के असतं. दोन चमचे तूप म्हणजे १० ग्रॅम धरलं तर त्यातून मिळतं ०.३ ते ०.४ ग्रॅम. चोथा भरपूर खाणाऱ्याच्या मोठ्या आतड्यात रोज ५०० ते ६०० मिलिमोल लहान मेदाम्लं बनतात असा अंदाज आहे. त्यातला पाचवा हिस्सा ब्युटिरेट धरला तर ते ९ ते १० ग्रॅम होतं. दोन चमचे तूप त्याच्या पंचविसाव्या भागालाही जेमतेम पोचतं. बरं, तेही मोठ्या आतड्यापर्यंत जात नाही. तुपातलं आम्ल लहान आतड्यातच शोषलं जातं आणि यकृतात जळतं. ते हवं असतं त्याच्या बरंच पुढे, मोठ्या आतड्यात, आणि तिथे ते जागेवरच बनावं लागतं.

दह्याचंही थोडं असंच. विरजणातले लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल बनवतात, ब्युटिरेट नाही. मोठ्या आतड्यातले काही दुसरे जिवाणू लॅक्टिक आम्लापासून ब्युटिरेट बनवतात हे खरं, पण त्यांनाही आधी तिथे जगायला चोथा लागतो. आणि ब्युटिरेट बनवणारा प्रमुख जिवाणू फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा हवेतल्या ऑक्सिजनने काही मिनिटांत मरतो, त्यामुळे तो ना दह्यात सापडतो, ना दुकानातल्या साध्या कॅप्सूलमध्ये. क्रोन या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजाराच्या रुग्णांत हाच जिवाणू कमी झालेला दिसतो.

प्रश्न : मग रोज किती चोथा, आणि कशातून? मी भात-वरण खाते. मध्यंतरी एकदम सगळी कडधान्यं सुरू केली तर पोट इतकं फुगलं की सोडून दिलं. (रत्नागिरी)

उत्तर : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम. दोन्ही वेळचा मिळून २०० ग्रॅम पांढरा तांदूळ (शिजवण्याआधीचं वजन) आणि ४० ग्रॅम तूरडाळ यांतून जेमतेम ९ ग्रॅम मिळतात. जोडीला वाटीभर भाजी घेतली तरी १५ च्या आसपासच.

१०० ग्रॅम कच्च्या धान्यात साधारण असा चोथा असतो : पांढरा तांदूळ ३ ग्रॅम, ज्वारी १०, नाचणी ११, बाजरी ११.५, गव्हाची चाळण न केलेली कणीक ११, तूरडाळ ९, मटकी १५, अख्खे मूग १७, अख्खे हरभरे २५. पेरूत १०० ग्रॅमला ८ ग्रॅमच्या वर. एका वेळचा भात काढून नाचणीच्या किंवा ज्वारीच्या दोन भाकऱ्या (सुमारे ११० ग्रॅम पीठ) केल्या की ११-१२ ग्रॅम. ३० ग्रॅम मटकीची उसळ ४.५, ३० ग्रॅम तुरीचं वरण पावणेतीन, दुसऱ्या वेळचा ६० ग्रॅम तांदळाचा भात पावणेदोन, दीडशे ग्रॅम भेंडी ६. बेरीज २६ च्या आसपास. एक पेरू खाल्ला की काम झालं. यात महागडं काहीच नाही. पुडीतून मिळणाऱ्या 'प्रीबायोटिक' भुकटीवर (म्हणजे जिवाणूंच्या खाद्यावर) खर्च करण्याआधी भाकरीचा विचार करावा, असं आमचं ठाम मत आहे.

पोट फुगलं ते घाईमुळे. कडधान्यातल्या रॅफिनोज जातीच्या साखरा आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात आंबून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींत मिथेन होतो. चोथा अचानक तिपटीने वाढला तर तो वायू वापरून टाकणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढायला वेळ मिळत नाही. म्हणून दर आठवड्याला फक्त ५ ग्रॅम वाढवा. पहिल्या आठवड्यात भाकरी, दुसऱ्यात पाव वाटी मोड आलेल्या मुगाची उसळ, मटकी आणि हरभरे शेवटी. कडधान्य ८ ते १० तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, मग मोड येऊ द्या. या दोन्ही गोष्टींनी रॅफिनोज कमी होतं. पाणी वाढवलं नाही तर चोथ्याने बद्धकोष्ठ होतं, हेही लक्षात ठेवा.

भात सोडवत नसेल तर एक युक्ती आहे. शिजवून थंड केलेल्या भातातला काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, लहान आतड्यात पचत नाही आणि जिवाणूंपर्यंत पोचतो. पुन्हा गरम केला तरी त्यातला बराच टिकतो. पण कोकणातल्या उकाड्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि त्यांचं एक विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

या न पचणाऱ्या स्टार्चचा एक सुंदर उपयोग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी दाखवला. पटकीच्या रुग्णांच्या जलसंजीवनीत त्यांनी लिटरला ५० ग्रॅम असा मक्याचा स्टार्च मिसळला. मोठ्या आतड्यात त्याची मेदाम्लं झाली, त्यांच्याबरोबर मीठ आणि पाणी शोषलं गेलं आणि जुलाबाचं प्रमाण घटलं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

हा सल्ला सर्वांसाठी नाही. क्रोन आजाराने किंवा आतड्याच्या क्षयाने आतडं अरुंद झालं असेल, आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर भरड चोथ्याने अडथळा होऊ शकतो. कोलायटिस भडकलेला असतानाही वाढवू नका. चोथा आंबवणारे जिवाणूच कमी झालेले असतील तर कांदा-लसणातल्यासारखे काही फ्रुक्टन (चोथ्याचा एक प्रकार) न आंबता तसेच राहतात आणि काही रुग्णांत दाह वाढवतात. आधी औषधांनी आजार शांत होऊ द्या.

प्रश्न : आम्ही फिनलंडमध्ये राहतो. इथे लहान मुलांमध्ये टाइप-१ मधुमेह खूप आहे. त्याचाही जिवाणूंशी संबंध जोडतात. जिवाणू पेशींना शांत करत असतील तर मधुमेह कमी व्हायला नको का? (एस्पो)

उत्तर : फार मार्मिक प्रश्न. टाइप-१ मधुमेहाचं प्रमाण फिनलंडमध्ये जगात सर्वांत जास्त आहे. सीमेपलीकडच्या रशियन कॅरेलियात आनुवंशिक धोका साधारण तेवढाच असूनही प्रमाण सुमारे सहापट कमी. फिनलंड, एस्टोनिया आणि कॅरेलिया इथल्या २२२ बाळांच्या विष्ठेचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनिश आणि एस्टोनियन बाळांत बॅक्टेरॉइडिस गट जास्त होता.

मुद्दा आहे जिवाणूंच्या कवचातल्या लायपोपॉलिसॅकराइड या रसायनाचा. ई. कोलायचं हे रसायन बाळाच्या पेशींना चांगलं जागं करतं. अशी जाग वारंवार आली की पेशी पुढच्या वेळी कमी भडकायला शिकतात. बॅक्टेरॉइडिसच्या याच रसायनाची रचना थोडी वेगळी असते. ते पेशींना जागं करत नाही, उलट ई. कोलायच्या इशाऱ्यालाही अडवतं. म्हणजे शिकवणीच बंद. मधुमेहाकडे कल असलेल्या उंदरांना ई. कोलायचं रसायन टोचलं तर आजार लांबला, बॅक्टेरॉइडिसचं टोचलं तर लांबला नाही.

म्हणून 'शांत केलं' हे एकच वर्णन पुरत नाही. ब्युटिरेट आवर घालणाऱ्या पेशी घडवतं. इथे नुसता इशारा दाबला जातो आणि आवर घालायला कोणी शिकतच नाही. बाळाला काय द्यावं याचा उपाय मात्र यातून अजून निघालेला नाही. जिवाणूंच्या पुड्या देऊन मधुमेह टाळता येतो असं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : भावाला कर्करोगासाठी इम्युनोथेरपी सुरू होणार आहे. ताकद यावी म्हणून प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंच्या) कॅप्सूल द्याव्यात का? (पुणे)

उत्तर : ऑन्कॉलॉजिस्टनी स्वतः लिहून दिल्याशिवाय देऊ नका. हे उत्तर आम्ही विचारपूर्वक देत आहोत.

इम्युनोथेरपीची ही औषधं टी पेशींवरचा ब्रेक काढतात. या औषधांचा गुण येणं आतड्यातल्या जिवाणूंवर अवलंबून असतं, हे २०१८ मध्ये एकाच वेळी आलेल्या तीन अभ्यासांनी दाखवलं. त्यावरून लोकांनी प्रोबायोटिक सुरू केली. पण मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या २०२१ च्या एका अमेरिकन अभ्यासात दुकानातली प्रोबायोटिक घेणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही. त्याच अभ्यासातल्या उंदरांत प्रोबायोटिकने गाठीतल्या लढाऊ टी पेशी कमी झाल्या आणि औषधाचा परिणाम घटला. उलट रोज किमान २० ग्रॅम चोथा खाणाऱ्या रुग्णांत आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. हे निरीक्षण आहे, औषधासारखी सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण भाकरी-उसळ पचत असेल तर ती चालू ठेवायला यातून चांगला आधार मिळतो.

काही जिवाणू गाठीचा थेट बचावही करतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडणाऱ्या फ्यूझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमच्या अंगावर 'फॅप-२' प्रथिन असतं. ते मारक पेशींवरच्या 'टिजिट' या ब्रेकवर पाय ठेवतं, आणि पेशी समोरच्या कर्कपेशीला मारत नाही. हा जिवाणू मूळचा तोंडातला, हिरड्यांच्या आजारात वाढणारा. उपचारांआधी दंतवैद्याला दाखवून घ्या, हिरड्यांचा संसर्ग तसाही त्या काळात त्रास देतो.

दोन गोष्टी काटेकोरपणे पाळा. उपचारांच्या आसपास सर्दी-खोकल्यासाठी उगाच अँटिबायोटिक घेऊ नका. अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत या औषधांचा गुण कमी दिसला आहे. पण खरा संसर्ग असेल, ताप १०० च्या वर जात असेल, तर अँटिबायोटिक टाळू नका आणि लगेच रुग्णालय गाठा. दुसरी गोष्ट : छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली नळी) किंवा मानेत मोठी नळी असेल तर सॅकॅरोमायसिस बुलार्डी या प्रोबायोटिकची कॅप्सूल किंवा पुडी त्या खोलीत उघडूसुद्धा नका. ती यीस्ट आहे. तिची भुकटी हवेतून आणि हातांवरून नळीपर्यंत जाते आणि रक्तात बुरशीचा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठी उघडलेली पुडीही तेवढीच धोक्याची.

प्रश्न : अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलं की जिवाणू लवकर परत येतात ना? (नागपूर)

उत्तर : उलट दिसलं आहे. वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर ११ प्रकारांचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू परतायला जास्त वेळ लागला. काहीही न घेणाऱ्यांचे आपोआप लवकर परतले. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला काही प्रोबायोटिक उपयोगी पडतात, तो वेगळा उपयोग. 'जिवाणू परत आणायला' म्हणून महिनाभर घेण्याची गरज नाही.

प्रश्न : घरी डबी पाठवून विष्ठेतले सगळे जिवाणू मोजून देतात. करून घेऊ का? बरेच महिने पोट बिघडलेलं आहे. (बेळगाव)

उत्तर : नको. कुठले जिवाणू किती असणं म्हणजे 'बरोबर', याचं ठरलेलं प्रमाण नाही, आणि एकाच माणसाचे आकडे आठवड्यात बदलतात. त्या अहवालावरून कोणताही उपचार ठरत नाही.

तुम्हाला हवी आहे ती फिकल कॅल्प्रोटेक्टिन चाचणी. कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल पेशींतलं प्रथिन. आतड्याच्या भिंतीतला आवर सुटून या पेशी आतड्यात उतरल्या की ते विष्ठेत सापडतं. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याचा दाह असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर असेल तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवून बहुधा कोलोनोस्कोपी करावी लागेल. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्या, लघवी किंवा कमोडमधलं पाणी मिसळू देऊ नका आणि प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोचवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांनी आकडा वाढतो. त्या चालू असतील तर फॉर्मवर लिहा. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा रात्री झोपेतून उठून जुलाब होत असतील, तर चाचणीच्या अहवालासाठी न थांबता तज्ज्ञांची वेळ घ्या.